समास

स्टिलवॉटर, ओक्लाहोमा. विद्यापीठाचा तळमजला,
बॉयलरच्या खोलीला लागून माझं टेबल.
काम एवढंच, प्रबंधांचे समास मोजायचे.
डावीकडे दीड इंच, बाकी तिन्ही बाजूंना एक.
लोखंडी पट्टी, पिवळी पेन्सिल,
आणि आतलं वाचायचं नाही
असा काही नियम नाही.

म्हणून वाचते.

पेकानच्या टरफलांचा कोळसा
विहिरीच्या पाण्यातलं आर्सेनिक किती धरून ठेवतो.
गव्हावरचा तांबेरा टेक्सासहून वर येताना
मुक्काम कुठे कुठे करतो.
पवनचक्कीच्या पात्यांवर किडे चिकटून वाळले
तर वीज किती घटते:
हसू नका, यात बोलोरमाची चार वर्षं गेली,
आणि डावा गुडघा.
क्लीट हारगिसने गाईंच्या नाकाशी नळ्या बांधून
ढेकर मोजले. पान ७१, तळटीप:
‘६१४ नंबरची गाय नळी चावते.’
एकशे ऐंशी पानांत तेवढं एकच वाक्य
त्याच्या आवाजात आहे.

टेमिटायो ज्वारीवरच्या एका हिरव्या किड्याबद्दल
सांगत होता. मी म्हटलं, आमच्याकडे हा मावा.
पानं चिकट झाली की तो चिकटा.
त्याने दोन्ही शब्द वहीत उतरवून घेतले,
माझं अक्षर बघून बघून,
किड्याचे पाय काढावेत तसे.

शाळेत तुंगारे सर समास शिकवायचे, ते दुसरे.
मध्यमपदलोपी: मधलं पद गळतं, अर्थ राहतो.
साखरभात म्हणजे साखर घालून केलेला भात.
मग ‘घालून केलेला’ कुठे गेलं, सर?
सर म्हणायचे, खाल्लं.

आता इथे बसून विग्रह करते.
पवनऊर्जा: पवनापासून मिळवलेली ऊर्जा.
कुणी मिळवलेली?
जानेवारीत मनोऱ्यावर चढून
बोटांनी किडे खरवडणारी ती.
गोबरगॅस: टाकीत तापमापी पडली म्हणून
कोपरापर्यंत हात घालणारा क्वाबेना,
ज्याच्या शेजारी त्या आठवड्यात
बसमध्ये कुणी बसलं नाही.

शुक्रवारी पावणेपाचला लोरेन व्हिटसेट आली.
केसांत गवताचं कुसळ. मुदत पाचपर्यंत.
गवतापासून इंधन, सहा वाफे, तीन उन्हाळे,
आणि निष्कर्ष: लक्षणीय फरक आढळला नाही.
हे ती अशा सुरात म्हणाली
जशी शेजारणीची बरणी फोडून आली असावी.
मी म्हटलं, आढळला नाही हेही
कुणीतरी जाऊन बघावंच लागतं ना.

पान ९३. तक्ता उजव्या समासात घुसलाय.
शेवटचा रकाना, शेरा:
१४ जुलै, गारा.
९ ऑगस्ट, हरणं.
२ सप्टेंबर, नोंद नाही. बाबांचं ऑपरेशन.
‘सर म्हणाले, हा रकाना काढूनच टाक,’
ती म्हणाली, ‘मी विसरले.’
विसरली नव्हती.

पट्टी लावली. एक दशांश इंच बाहेर.
वर बॉयलर सुरू होण्याआधी करतो तसा
एकदा खाकरला.
राहुरीला माझ्या बियाण्यांच्या वहीतही
असा एक रकाना होता. ती वही
कुणाच्या माळ्यावर आहे, ठाऊक नाही.

या पट्टीचं एक टोक झिजलंय.
एकोणीस वर्षं रोज टेबलावर आपटून
पहिला दशांश तिच्यावर उरलाच नाही.
ऑफिसला हे कळवायचं राहून गेलंय.
मी पट्टी उलटी धरली, त्या टोकाने पुन्हा मोजलं,
सही केली.

लोरेनने विचारलं, बसलं?
म्हटलं, बसलं.

ती गेल्यावर कुसळ टेबलावर राहिलं होतं.
ते पेन्सिलींच्या डब्यात टाकलं.
पुढचा गठ्ठा ओढला. भुईमूग.
डावीकडे दीड इंच.